अक्काला मी वाचून दाखवलं ते

माझ्या नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे. डॉक्टरांनी साखर बंद केल्यावर डाळीच्या डब्यात लपवलेले लाडू, सासूबाईंच्या बाराव्याला भटजींकडं बघून मला आलेलं हसू, बहिणीशी धरलेला चार वर्षांचा अबोला — सगळं. हे एवढं सोडून. बहिणीलाही माहीत नाही, आणि देवाला माहीत असेल तर त्यानं अजून मला तसं दाखवलेलं नाही. आज लिहायला बसलेय आणि मघापासून दोनदा चहा झाला, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून झालं. एका कुंडीला तर दोनदा. यावरून ओळखा माझी काय अवस्था आहे ती.

मी मराठीची मास्तरीण. कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजात शिकवण्यात हयात गेली. तोंडाची फटकळ. मागच्या बाकावर कुणी जांभई दिली तर "तोंडावर हात ठेव, पडजीभ दिसतीय" म्हणणारी. पोरं घाबरायचीही आणि यायचीही. खोटं बोलणाऱ्याला मी वर्गासमोर उभं करायचे. हे कशाला सांगतेय? खोटं काय असतं ते बिचारीला कळलं नसेल, असं तुम्हाला वाटायला नको म्हणून. चांगलं कळत होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी रविवारचे वर्ग घ्यायला लागले — सर्जनशील विचारांचे. नाव भारदस्त, आत युक्ती एकच. तिला आम्ही 'उलटी पाटी' म्हणायचो. फळ्यावर सगळ्यांना पटणारं एक वाक्य लिहायचं. 'आई प्रेमळ असते.' मग ते खोडायचं, त्याच्या बरोबर उलटं खाली लिहायचं, आणि तेच खरं धरून पानभर लिहून काढायचं. पोरांची डोकी अशी काय चालायची म्हणता. एका मुलीनं लिहिलं होतं — आम्ही आईला नको होतो, आणि ते तिनं आम्हाला कधी कळू दिलं नाही. त्या युक्तीचा मला अभिमान होता आणि ती युक्ती वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. वाईट मी केलं, तिच्या नावावर ढकलणार नाही.

मग हातात मोठा फोन आला आणि मी मोबाईलवर स्वतःचं पान काढलं. वर्गात तीस डोकी असायची, इथं मोजता येईनात इतकी. पण इथं माणूस थांबत नाही हो. त्याचा अंगठा सरकतच असतो. पहिल्या ओळीला थांबला तर थांबला. कशाला थांबतो ते मी हळूहळू शिकले. दुःखाला थांबत नाही, दुःख बघून बघून त्याचे डोळे निबर झालेत. उलट्याला मात्र थांबतो. मग मी दर आठवड्याला काहीतरी उलटं करून टाकायला लागले. सकाळी चूळ भरायच्या आधी आकडे बघायचे. नवरा स्वयंपाकघरातून म्हणायचा, "दूध उतू गेलं, तुझे लाईक बघून झाले असले तर ये." मला वाटायचं, ह्याला काय कळतंय.

त्याच सुमाराला एका संस्थेनं मला बोलावलं. शरीर विकायच्या धंद्यात असलेल्या आणि त्यातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी ते काम करत. बायकांच्या हकिकती लिहून घ्यायच्या होत्या. तो बेत पुढं बारगळला, पण मी काही दिवस गेले. पहिल्या दिवशी पर्स पोटाशी घट्ट धरून बसले होते. समोर एक साठीची, काटक बाई — डोक्यावरचा पदर जरा म्हणून ढळू न देणारी. तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बाई, पर्स ठिवा की खाली. हितं कोण चोर न्हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसली. तिथून आमची मैत्री झाली.

तिचं नाव मी लिहीत नाही. सगळे तिला अक्का म्हणतात, आपणही अक्काच म्हणू. गंगावेशीपलीकडं नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात तिची खोली आहे. धंद्यातून बाहेर पडून तिला वीस वर्षं झाली होती. एका मेसला भाकऱ्या थापून द्यायची आणि संस्थेच्या वतीनं नव्या बायकांना दवाखान्यात घेऊन जायची. अक्षरओळख नव्हती. फोन साधा, बटणांचा.

अक्काला आपली हकिकत लिहून हवी होती, आणि ती एका माणसासाठी. तिच्या भाचीसाठी. भाऊ मलकापूरकडच्या एका गावात, त्याची ही थोरली — पूजा म्हणते, खरं नाव वेगळं. एकवीस वर्षांची, वारणानगरला कॉलेजात. सगळ्या नातेवाइकांनी अक्काला टाकलेलं, पण ही पोरगी सुट्टी लागली की आत्तीकडं हजर. आत्तीच्या हातची भाकरी, आत्तीच्या मांडीवर डोकं. अक्काला जगात आपलं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं.

त्या पोरीला मोबाईलवर एक बाई भेटली होती. आधी अनोळखी पुरुषांशी व्हिडिओवर नुसतं गोड बोलायचं. मग पुण्याला फ्लॅटवर राहायला ये. मग कुणी भेटायला आलं तर भेटायचं, मनात असलं तर. अक्कानं पहिलं पाऊल ऐकलं आणि पुढची सगळी वाट तिला दिसली. तिला नाही दिसणार तर कुणाला? तिनं पोरीला समजावलं, शिव्या घातल्या, शेवटी पाया पडली. पोरगी म्हणाली, "आत्ती, तुझा काळ वेगळा होता. आता सगळं आपल्या हातात असतंय."

"माझं ती ऐकत न्हाय बाई," अक्का मला म्हणाली. "मोबाईलवर आलं की तिला खरं वाटतंय. मग माझंबी मोबाईलवर आणा. नाव नगा घालू. पर माझं दुखणं ल्हिवा. समदं ल्हिवा. आन् तिला धाडा."

तीन दुपारी ती माझ्याकडं येऊन बोलली आणि मी वहीत उतरवून घेतलं. ती रडत नव्हती. शेंगा सोलता सोलता सांगायची. बत्तिसाव्या वर्षी गर्भाची पिशवी काढावी लागली ते. दोन दात कुणी पाडले ते. आजही कुणी केसांना तेल लावतो म्हणालं तर मान आखडते ते. दारू प्यायला कधी शिकली, कशासाठी शिकली, आणि ती सुटायला किती वर्षं गेली. आणि भांड्यांचं. माणूस खोलीत असला की ती मांडणीवरची भांडी मोजायची. ताटं, वाट्या, पेले, परत पहिल्यापासून. मोजत राहिलं की आपण तिथं नसतो, म्हणाली. "सुटून वीस वरसं झाली. आता दवाखान्यात डाक्टरीणबाईनं पोटाला हात लावला तरी माझी मोजणी चालू. ती थांबतच न्हाय बगा."

हे तिनं सांगितलं. मी वहीत शब्दन् शब्द लिहिलं. इथवर माझं काही चुकलेलं नाही.

आता पुढचं. एका शनिवारी दुपारी मी ते नीट लिहायला बसले. दोन पानं लिहिली, वाचून बघितली. खरं होतं, आणि — कसं सांगू तुम्हाला — मला ते जुनं वाटलं. पिचलेली बाई, आजार, दारू, मारहाण. हे कोण थांबून वाचणार? अंगठा सरकणार. पूजाचाही सरकेल, असं मी मनाशी म्हटलं. पूजाचं नाव मी तिथं पुढं केलं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर पूजा नव्हतीच. माझं पान होतं. आठवडा झाला होता, नवीन काही टाकलेलं नव्हतं.

मी पेन घेतलं आणि उलटी पाटी केली.

'या धंद्यानं माझं शरीर माझं राहिलं नाही' हे तिचं वाक्य. ते खोडलं. खाली लिहिलं, 'या धंद्यानं माझं शरीर पहिल्यांदा माझं झालं.' आणि काय सांगू, पुढचं सगळं भराभर सुचत गेलं. लाज तुमची, दार माझं. पुरुष मान खाली घालून येतात, मी ठरवते कोण आत येणार. आणि भांडी — ती मी सोडली नाहीत. इतकी चांगली गोष्ट कोण सोडतंय? माझ्या लेखातली बाई मांडणीवरची भांडी ऐटीत मोजत होती. माणूस समोर ताटकळत बसलेला आणि ही आपली मालमत्ता मोजतीय, राणीसारखी. जी मोजणी तिचा जीव वाचवायला होती, तिचा मी रुबाब केला. लिहून झाल्यावर मी खुशीत उठून स्वतःसाठी चहा केला.

कुणी बाई स्वतःच्या तोंडानं म्हणत असेल की मी खुशीनं यात आहे, तर तिचं तिनं सांगावं, मी कोण तिला अडवणार? पण अक्कानं हे सांगितलं नव्हतं. तिनं नेमकं याच्या विरुद्ध सांगितलं होतं, आणि ते कशासाठी सांगितलं होतं तेही मला माहीत होतं.

लेख टाकला. माझ्या पानावर इतकं काही कधी चाललं नव्हतं. ओळखीपाळखीच्या नसलेल्या बायका लिहीत होत्या, काय ताकद आहे, अंगावर काटा आला. एका ठिकाणी भाषणाला बोलावलं, विषय — इंटरनेटच्या युगात वेगळा विचार कसा करावा. मी गेले, टाळ्या घेतल्या. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं आपण म्हणतो ना? इथं खाणारे वाहवा म्हणत होते आणि वाढणारी मी होते.

आणि मी तो लेख पूजाला पाठवला. हे मला आजही उलगडत नाही. पाठवला नसता तर? पण अक्का रोज विचारायची, धाडलं का, धाडलं का. तिच्याकडून घेतलेला पूजाचा नंबर माझ्या यादीत होता. मी लेख सगळ्या यादीला पाठवला, त्यात तीही होती. एकदा बोट दाबलं, बास. नंतर दोन निळ्या खुणा उमटल्या. मी अक्काला सांगितलं, धाडलं आणि तिनं वाचलंही.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. येताना वाडीचे पेढे घेऊन आली होती, पौर्णिमेला दत्ताला जाऊन आलेली. म्हणाली, काय ल्हिवलंय ते मलाबी ऐकवा. पोथी ऐकायला बसतात तशी बसली, हात जोडून, डोळे मिटून. मी फोन उघडला. पहिली ओळ समोर होती — या धंद्यानं माझं शरीर पहिल्यांदा माझं झालं. मी तोंड उघडलं आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. ती ओळ माझ्याच्यानं वाचवेना.

मी वाचलं. फोनकडं बघत, मधे मधे बोटानं पान सरकवत, मी वहीतलं तिचं बोलणं आठवून आठवून म्हणत गेले. पिशवी, दात, तेल, दारू, मोजणी. बावीस वर्षं कविता शिकवलेली जीभ — अडखळली नाही. पडद्यावर एक आणि तोंडात एक. सगळं झाल्यावर अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "आसंच हाय बाई. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाय." तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण मला त्याही शाबासकीचा आनंद झाला. मी पेढा खाल्ला.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही? तोंडावर थुंकली असती, उठून गेली असती. पण वेळ होती. पोरगी अजून घरीच होती, वारणानगरला कॉलेजला जात-येत होती.

चार दिवसांनी पूजाचा मला निरोप आला. मोबाईलवर, चार ओळी. 'मॅडम, आत्तीचं वाचलं. भांड्यांवरून लगेच ओळखलं. आत्ती एवढी खंबीर आहे हे माहीत नव्हतं. माझ्यापुढं उगाच रडून दाखवते. सगळे नुसती भीती घालतात.' मी ते वाचलं. मला त्यातलं 'वाचलं' आणि 'ओळखलं' एवढंच दिसलं. रोज तसे पन्नास निरोप यायचे, सगळ्यांना मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. तिलाही पाठवलं. नंतर दोन तासांनी भाजी निवडताना माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. काय लिहिलं होतं पोरीनं ते तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. म्हटलं उद्या लिहू, नीट शब्द सुचले की. तो उद्या काही आला नाही.

दोन महिन्यांनी पूजा घरातून गेली. पुण्याला.

अक्का माझ्याकडं आली ती चपला न काढताच आत आली. एरवी तसं कधी करायची नाही. म्हणाली, "बाई, परत वाचा. तिनं वाचलं तेच वाचा, जसंच्या तसं." मी फोन उघडला. दुसऱ्यांदा. आणि दुसऱ्यांदा खोटं वाचलं. मधेच ती म्हणाली, "मागल्या बारीला दवाखान्याचं आदी हुतं की." म्हटलं, हो अक्का, मी जरा मागंपुढं वाचतेय. तिनं मान हलवली. तिनं माझ्यावर अविश्वास दाखवायचं काही कारणच नव्हतं. शिकलेली बाई, हातात फोन, फोनात अक्षरं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येवढं वाचूनबी गेली." आणि परत, "माझं येवढं समदं वाचूनबी गेली." मला तिचा तो आवाज सांगता येत नाही. भावानं टाकलं, जातीनं टाकलं, तेव्हा तिला जे वाटलं नसेल ते त्या दिवशी वाटलं. पोरीला तिचं दुखणं माहीत होतं आणि पोरीला त्याचं काही वाटलं नाही, असा तिनं अर्थ काढला. दुसरा कुठला अर्थ काढणार? मी तिला दुसरा काही ठेवलाच नव्हता.

त्यानंतर पूजाचे फोन यायचे ते अक्का कट करायची. माझ्यासमोर करायची. "माझ्या दुखण्याला पाय लावून गेलीया ती," म्हणायची, "तिचं नाव काढू नगा." आणि मी काढत नसे. मूग गिळून बसायचे. एक वाक्य होतं हो. 'अक्का, तिनं ते वाचलंच नाही, मी तिला दुसरंच पाठवलं.' मनातल्या मनात मी ते इतक्या वेळा म्हटलंय की पाठ झालंय. म्हणायचं ठरवलं की तिच्याकडं बघून वाटायचं, आता कशाला, तिच्या जखमेवर खपली धरलीय. खपली कसली? मला माझीच कातडी वाचवायची होती. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गासमोर उभं करणारी मी, एका न शिकलेल्या बाईसमोर मला उभं राहता येत नव्हतं.

वर्षाच्या वर गेलं. मी पानावर लिहायचं बंद केलं. नवऱ्याला वाटलं, शहाणपण आलं. तो लेख मात्र मी तेव्हा काढला नाही. काढला तर का काढला म्हणून कुणी विचारेल, अशी भीती.

आता जे सांगते, त्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी एकटीच घरी, नवरा बँकेत गेलेला. दाराशी अक्का. चढून आल्यानं धाप लागलेली, पदर प्रथमच खांद्यावर घसरलेला आणि तिला भान नाही. म्हणाली, "पोरगी आलती."

सकाळी आठच्या सुमाराला पूजा तिच्या दारात आली होती. अक्कानं खिडकीच्या फटीतून बघितलं. निम्मी झाली होती पोरगी, म्हणाली. केस कापलेले, एक हात गळ्यात बांधलेला. "आत्ती, दार काढ" म्हणत होती. अक्का आत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कडी काढली नाही. तासभर पोरगी पायरीवर बसून होती. मग उठली आणि शेजारणीला सांगून गेली — मी स्टँडवर बसते, एक वाजेपर्यंत बसते, आत्तीला सांगा. गावाकडं तिला कुणी घेणार नव्हतं. पुण्याला परत जायचं नव्हतं, तेही शेजारणीजवळ बोलली होती.

अक्का माझ्यासमोर उभीच होती. "काय करू बाई? जाऊ? आणू तिला?"

स्टँड माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं.

मला त्या वेळी काय वाटलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगायचं ठरवलंय. पोरीची दया आली का? आली. पण त्याच्या आधी, त्याच्या कितीतरी आधी मनात आलं — ही आली की दोघी बोलणार. आत्ती म्हणणार, एवढं वाचून गेलीस. आणि पोरगी म्हणणार, तूच तर लिहिलंस, मी राणी आहे म्हणून. फोन काढून दाखवणार. आणि मग अक्का माझ्याकडं बघणार.

मी म्हणाले, "नको अक्का. जाऊ नका."

तिनं घसरलेला पदर डोक्यावर ओढून घेतला.

"तिनं तुमचं सगळं वाचून पाऊल टाकलं ना? मग आता तुम्ही कशाला? दार उघडलं नाहीत ते बरं केलंत."

"व्हय?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं परत विचारलं, "बरं केलं म्हंता?" मी परत हो म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं असतं तर कदाचित — नाही. तिसऱ्यांदाही मी हो म्हटलं असतं.

ती खाली बसली. म्हणाली, "तुमी म्हंतासा म्हंजे तसंच आसंल. मला लई घोर लागला हुता, चुकलं का काय म्हणून. निम्म्या वाटंत हुतो स्टँडच्या. म्हटलं आदी बाईंना इचारावं."

म्हणजे ती निघालीच होती. निम्म्या वाटेवरून वळून माझ्याकडं आली होती.

मी तिला चहा दिला. मग म्हटलं, जेवूनच जा. ती नको म्हणत होती, मेसच्या भाकऱ्या राहिल्यात म्हणत होती. मी हाताला धरून बसवलं. भात लावला, आमटी केली, वांगी चिरली. एरवी मी चार वांगी दहा मिनिटांत चिरते, त्या दिवशी सावकाश चिरली. घड्याळ ओट्याच्या वरच आहे. पाऊण वाजता ताट वाढलं. तिला घास जात नव्हता, मी आग्रह करत होते. दीड वाजेपर्यंत मी तिला उठू दिलं नाही. जाताना तिनं स्वतःचं ताट घासून पालथं घातलं आणि म्हणाली, "उगंच आलो, तुमचा येळ मोडला."

त्या दिवशी पूजा स्टँडवरून कुठल्या गाडीत बसली, कुणाला माहीत नाही. तिचा नंबर लागत नाही. मी आठवडाभर लावत होते, रोज. भावानं तक्रार दिली नाही, अक्कानं दिली, तिचा तपास काही लागलेला नाही. तीन वर्षं झाली. लेख मी काढून टाकला, पण लोकांनी तो कुठं कुठं उतरवून ठेवलाय, माझ्या नावासकट. अक्काला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही माझ्याकडं जेवायला येत नाही.

ती येते. दर पौर्णिमेला वाडीहून आली की पेढे घेऊन येते. काल आली होती. बसल्या बसल्या माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुमी हुतासा म्हणून मी सावरलो."